झुकती भिंत

श्री. गजानन नेरुरकर पहिल्यांदा भांडुपच्या माझ्या दुकानात आले, तेव्हा ते गिऱ्हाईक असतील असं वाटलंच नाही. प्लाय, जिप्सम बोर्ड, सिमेंटचा पत्रा, दिसेल त्यावर बोटांनी टकटक करत फिरत होते. माझे कान तिखट. गल्ल्यावरूनच विचारलं, काय शोधताय? म्हणाले, "न वाजणारं काही आहे?" बांधकामाचं सामान विकण्यात माझी हयात गेली. मजबूत मागणारे पाहिले, स्वस्त मागणारे पाहिले. न वाजणारं मागणारे हे एकटेच.

नेरुरकरकाका हौशी नाट्यमंडळांचं नेपथ्य करतात. बांबूचा सांगाडा, त्यावर कोंबडीजाळी, जाळीवर पातळ पुट्टीत बुडवलेलं गोणपाट. सुकलं की चाळीचा ओल खाल्लेला गिलावा तयार. नट टेकला तरी आवाज नाही. एका जागी बसणं त्यांना ठाऊक नाही. चहासुद्धा फिरता फिरता पितात. त्यांच्या गौरवाचा हा लेख लिहिताना मीही चारदा उठलो.

मुलुंडच्या नाट्यगृहात स्पर्धेची अंतिम फेरी होती. काकांच्या नादानं मीही ज्यात शिरलो होतो, ते आमचं मंडळ प्रथमच तिथवर पोचलेलं. नाटकातली आजारी बाई म्हणते, "ही भिंत रोज बोटभर पुढं येते." त्यासाठी काकांनी भिंत मुद्दाम पुढे झुकवली होती. मला ते कुठलं माहीत! काका दिव्यांचं बघायला गेलेले. त्यांचे कष्ट वाचावेत म्हणून मी नि माझ्या गवंड्यानं ओळंबा सोडला, भिंत सुतात आणली, मागचे बांबू तारेनं करकचून आवळले.

काका आले, बघत राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "मेल्या, ही सरळ भित बघून लोक हसतले मा रे."

तार सोडवायला वेळ नव्हता. त्यांनी विटा मागितल्या. शेजारी इमारतीचं काम चाललं होतं, तिथून मी धावत चार आणल्या. त्या भिंतीच्या मागच्या पायांखाली सारून काकांनी भिंतीच्या माथ्याला दोरी बांधली नि तिचं टोक मागे माझ्या हातात दिलं. "धर. अंक संपासर सोडू नको."

बाईचं वाक्य आलं. गोणपाटाआड माझा जीव कानांत गोळा झालेला. खुर्ची करकरली नाही, कुणी खोकलं नाही. मग पुढच्या रांगेत कुणीतरी रोखलेला श्वास सोडला.

निकालाआधी काका माझ्याबरोबर विटा परत करायला आले. मंडळाच्या सभेत माझ्या चुकीचा उच्चार नाही, एवढंच म्हणाले, "भिंत यांनी धरली."

आता काकांच्या पंच्याहत्तरीच्या सत्काराला मंचावरची भिंत मी बांधतोय. सरळ ठेवू की झुकती, ठरत नाही. काका येतील, टकटक करतील, काहीतरी बदलायला लावतील. त्यांना निवांत आयुष्य लाभो असं म्हणवत नाही. निवांतपणा त्यांना मानवायचा नाही. गुडघे साथ देवोत, बोटं चालती राहोत, आणि शंभरीतही त्यांनी मला "धर" म्हणावं. दोरी मी अजून सोडलेली नाही.