डिस्चार्ज बुकात सुटलेलं ग्लेशियर

वाट बघणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. मी काही जमवायला गेलो नव्हतो, मी गेलो होतो माझ्या दादाचं मेडल मागायला. पण इंदूरच्या त्या फौजी ऑफिसाबाहेर एक लांब लाकडी बाक आहे. रिटायर झालेले जवान, त्यांच्या बायका, सगळे तिथे कागद मांडीवर घेऊन बसतात. दोन-चार महिने तिथे बसलं की किस्से घेऊनच उठावं लागतं. बाकी काही मिळो न मिळो!

आधी मामला सांगतो. माझा दादा, नायक महेश जगताप, सतरा वर्षं फौजेत होता. घरी येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. एका सकाळी सुदामा नगरात दूध आणायला गेला आणि डेअरीसमोरच पडला. हार्ट. अडतीस वर्षांचा होता.

फौजी रिटायर झाला की त्याला एक छोटं पुस्तक देतात, डिस्चार्ज बुक. सगळी नोकरी त्यात. दादाच्या बुकात मेडलच्या रकान्यात दोनच नावं होती. दोन सुटली होती, एक उंच पहाडवालं आणि एक सियाचीन ग्लेशियरचं. दादा सांगायचा, मी ग्लेशियरवर होतो. आणि मी एकदा भांडणात त्याला सरळ तोंडावर म्हटलं, "कसलं ग्लेशियर? बुकात तर नाही!"

तो उठला. चप्पल घालून बाहेर गेला.

तेराव्यानंतर वहिनींनी कपाट उघडलं, तर बुकात घडी केलेला अर्ज निघाला. मेडल चढवून घ्यायचा. अर्धा भरलेला. तारीख आमच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणून आता ते ग्लेशियरवालं मेडल बुकात चढलंच पाहिजे. बस्स.

बुक परगावी, फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला गेलंय. ओरिजिनल. तिथे फोटोकॉपी चालत नाही. दोन महिने झाले, परत आलेलं नाही. हरवलं तर मेडल तर जाईलच, दादाचं जे काय लिहिलेलं होतं तेही जाईल. मी लोडिंग रिक्षा चालवतो. राजवाड्याकडे माल उतरवला की रिक्षा त्या ऑफिसकडेच वळते. दारातूनच विचारतो, "आलं का?" आतून बाबू म्हणतात, "नहीं आया भिया." मग मी बाकावर बसतो.

* * *

पहिल्या दिवशी मी नवा फॉर्म घेतला. माझं शिक्षण आठवी नापास. फॉर्म बघितला की मला घाम सुटतो. पण एक ओळ वाचता आली, 'सैनिक के हस्ताक्षर'. शाळेत माझ्या मार्कशीटवर दादाची सही मीच ठोकायचो. हात बसलेला होता. मी झटकन सही केली, महेश जगताप, खाली रेघ, दोन ठिपके. एकदम ओरिजिनल!

बाकावर राठौर सूबेदार साहेब असतात. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, पण रोज इस्त्रीचा शर्ट घालून येतात आणि सगळ्यांचे फॉर्म तपासून देतात. त्यांनी माझा फॉर्म हातात घेतला.

"साइन बढिया है. तारीख आज की?"

"हो साहेब, आत्ताच केली."

"और पीछे ये मृत्यु प्रमाणपत्र भी तुमने ही लगाया?"

 मला वाटलं, आता पोलीस बोलावतात. सूबेदार साहेबांनी फॉर्मचे चार तुकडे केले, खिशात टाकले आणि म्हणाले, "जगताप, फौजी मरने के बाद भी पहरा दे देगा. पर पेपरवर्क नहीं करेगा! जाओ, दूसरा लाओ. साइन भाभीजी का होगा."

सगळा बाक हसला. मीही हसलो. आणि दुसरा फॉर्म आणायला उठलो.

* * *

रेकॉर्ड ऑफिसला फोन लावणं म्हणजे नवस. सतरा वेळा लावला की एकदा लागतो. एकदा लागला! मी रिक्षा तशीच रस्त्यात उभी केली.

तिकडून आवाज आला, "नंबर बोलो."

मी माझा मोबाइल नंबर सांगितला.

"अरे ये नहीं, जवान का नंबर बोलो."

मी दादाचा मोबाइल नंबर सांगितला. ते म्हणाले, "आर्मी नंबर, भाई, आर्मी नंबर!" मागून एक सिटी बस हॉर्न मारत होती. मला काही सुचेना. मी ओरडलो, "साहेब फोन ठेवू नका, ठेवू नका!" आणि रिक्षा सोडून धावत घरी आलो. नशीब, गल्ली जवळच होती.

वहिनी ओट्याजवळ पोहे भिजवत होत्या. मी नुसता फोन पुढे केला. वहिनींनी मान वर केली नाही की हात पुसला नाही. एका दमात पूर्ण नंबर बोलल्या, शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट.

फोनवरचे साहेब म्हणाले, "मैडम, इतना साफ तो हमारे जवान नहीं बोलते."

नंतर आई हसत म्हणाली, "तिला कोणी शिकवायला नको. लग्नात नाव घे म्हटलं तर हिने उखाण्यात नंबरच घातला होता! सगळी वरात खो खो हसली."

वहिनी हसल्या नाहीत. पोहे जास्त भिजले होते, लगदा झाला होता. आम्ही तेच खाल्ले.

* * *

बुक पाठवायच्या आधी सूबेदार साहेब म्हणाले, एकेक पान वाचून घे, काय काय लिहिलंय ते माहीत पाहिजे. मी बाकावर बसून बोट ठेवून वाचत होतो. माझ्या वाचण्याला वेळ लागतो. उंची. छाती. रक्ताचा गट. मग एक ओळ आली, शरीरावरची ओळखीची खूण. पुढे लिहिलं होतं, उजव्या भुवईवर जखमेचा व्रण.

ती जखम मी केली होती! मी सहा वर्षांचा होतो, दादा पंधराचा. त्याने मला गिल्ली-दंडा खेळायला घेतलं नाही म्हणून मी दंडाच फेकून मारला होता. चार टाके पडले. त्याने घरी सांगितलं, नळावर घसरलो.

मी सूबेदार साहेबांना म्हटलं, "बघा साहेब. माणूस बर्फात मरता मरता वाचला, ते लिहायला विसरले. आणि मी दंडा मारला, ते सरकारने पक्कं लिहून ठेवलं!"

साहेब म्हणाले, "तो तुम्हारा मेडल तो चढ गया."

* * *

आता माझी अक्कल ऐका. एकदा ऑफिसातून परत तेच "नहीं आया" ऐकलं, तर डोकं फिरलं. छावणीकडे फौजी सामानाची दुकानं आहेत. तिथे बेल्ट, बूट, बिल्ले सगळं मिळतं. मी रिक्षा सरळ तिकडे हाणली. दुकानदाराला म्हटलं, "ग्लेशियरवालं मेडल आहे का?" त्याने काचेखालून काढून दिलं. रिबनीसकट! मला इतका राग आला. एवढ्यासाठी आम्ही चपला झिजवतोय आणि हे इथे बेल्टाशेजारी पडलंय!

घेतलं आणि बाकावर नेऊन सूबेदार साहेबांच्या हातात ठेवलं. "घ्या, झालं काम."

साहेबांनी मेडलचं तोंड बघितलंच नाही. चिमटीत उभं धरलं आणि त्याची किनार उन्हात फिरवली, हळूहळू, पूर्ण गोल.

"नाम कहां है?"

"कसलं नाव?"

त्यांनी स्वतःच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक जुनं मेडल काढलं आणि किनार माझ्या डोळ्यांजवळ आणली. बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं. "फौज किनारे पर नाम लिखकर देती है. दुकान में जो मिलता है, वो शादी-ब्याह में लगाने के लिए है. असली घर में रखा हो तब."

मी ते मेडल परत करायला गेलो. दुकानदार म्हणाला, "वापस नहीं होता भिया." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अच्छा रख दो. असली आ जाए तो ये ले जाना, लगाने के काम आएगा."

ते अजून त्याच्याकडेच आहे. मी त्या रस्त्याने जाणं सोडलंय.

* * *

रजिस्ट्री करायच्या दिवशी मी बुक तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलं, वर कापड, वर पुन्हा प्लास्टिक. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बस करा, श्वास कोंडेल." 

पोस्टात काउंटरवरच्या बाईंनी पाकीट हातात घेतलं. "अंदर क्या है?"

मी रस्ताभर मनातल्या मनात 'दादा नीट जा, दादा नीट जा' करत आलो होतो. तोंडातून निघून गेलं, "मेरा भाई है."

बाईंनी पाकीट काउंटरवर टाकलं आणि हात मागे घेतला! लाइनीतले सगळे एक पाऊल मागे. वहिनी घाईघाईने म्हणाल्या, "किताब है, जी, किताब. फौज की किताब."

बाईंनी आमच्या दोघांकडे बघितलं. मग पाकीट दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवलं. शिक्का मारताना हळू आवाजात विचारलं, "पहुंच की रसीद लगा दूं? मिल गई तो आपको कार्ड आएगा."

मी इतक्या जोरात "हां!" म्हटलं की मागचे काका दचकले.

कार्ड आलं. म्हणजे बुक तिथे पोचलं, एवढं तरी पक्कं. सही कुणाची आहे ते वाचता येत नाही. मी रोज ते कार्ड बघतो.

* * *

शेवटचा किस्सा पोस्टाच्या चार दिवस आधीचा. त्या दिवशी फाइल अडली होती.

बाबू म्हणाले, "ग्लेशियर पर थे, इसका सबूत?" सूबेदार साहेबांनी रस्ता आधीच सांगून ठेवला होता. जो दादाबरोबर वर होता आणि ज्याच्या बुकात मेडल चढलेलं आहे, त्याने येऊन लिहून द्यायचं. फौजेत प्रत्येकाचा एक बडी असतो. जेवण, झोप, पहारा, सगळं जोडीने. दादाचा बडी देपालपुरचा चौहान. त्याचा फोन लागत नव्हता, म्हणून मी देपालपुरच्या मंडीत जाणाऱ्या एका ड्रायव्हरकडे निरोप धाडला होता. मिळाला की नाही, माहीत नव्हतं.

मी, वहिनी आणि आई, तिघं बाबूंच्या टेबलासमोर. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, पण ती ऐकेना, येणारच म्हणाली. घड्याळ पुढे जात होतं. चौहानचा पत्ता नाही. बाबू म्हणाले, "आज नहीं हुआ तो फाइल वापस. फिर नए सिरे से."

माझ्याकडे एकच गोष्ट होती. घरातल्या भिंतीवरचा ग्लेशियरचा फोटो. तेराव्याला मीच त्याला हार घातला होता. सकाळी हार काढून फोटो रिक्षात ठेवला होता. तो आणून टेबलावर ठेवला.

बर्फात पाच जण उभे. सगळ्यांना पांढरे कपडे, काळे गॉगल, तोंडावर फडकी. एकाचंही नाक दिसत नाही.

बाबूंनी विचारलं, "इसमें आपका भाई कौन सा?"

मी म्हटलं, "डावीकडून दुसरा." आणि त्याच वेळी वहिनींनी बोट ठेवलं, शेवटच्यावर!

बाबूंनी चष्मा काढला. "एक महेश यहां, एक वहां?"

मी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी माझ्याकडे. तेवढ्यात आई म्हणाली, "ह्यात महेश नाहीच."

माझं डोकंच सटकलं. "आई, चूप बस ना! दिसत नाही तुला, कशाला बोलतेस? इतके दिवस हात कोणाला जोडत होतीस मग?"

"तू हार घातलास, म्हणून मी जोडले," आई म्हणाली.

बाबूंनी फाइलची दोरी बांधायला घेतली. मी त्यांचा हात धरला. खरंच धरला! "साहेब, दहा मिनिटं. बस दहा."

आणि दारात चौहान उभा. हातात हेल्मेट, अंगभर धूळ. त्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. त्याने आईच्या पायांना हात लावला, मग टेबलावरचा फोटो दिसला तसा खालीच बसला.

मी म्हटलं, "चौहान भैया, सांगा यांना. यातला महेश कोणता?"

"इसमें?" तो म्हणाला. "बीच वाला मैं हूं. महेश इसमें कहां से आएगा? फोटो तो उसी ने खींचा था. कैमरे का बटन किसी से दब ही नहीं रहा था. बोला, तुम लोग खडे रहो, मेरी उंगलियां अभी चल रही हैं."

 वहिनींनी फोटोवरचं बोट अजून उचललं नव्हतं.

चौहानने आपलं बुक काढून पुढे केलं. बाबूंनी पानं उलटली, मेडलच्या नोंदीवर खूण केली, जबानीचा कागद ओढला आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता फोटो बाजूला सरकवला. "ये ले जाइए. जब वो इसमें हैं ही नहीं, तो ये किस काम का."

आईने फोटो उचलला. खिडकीजवळ गेली. पदराने काच पुसली आणि चांगल्या डोळ्याच्या अगदी जवळ धरून बघत राहिली. मग परत आली आणि फोटो बाबूंच्या लिहित्या कागदावरच ठेवला.

फोटोत खाली, बर्फावर, त्या पाच जणांच्या बुटांपर्यंत एक लांब सावली पडलेली होती. दोन्ही कोपरं वर केलेली. आम्ही कोणी ती कधी बघितलीच नव्हती.

आईने त्यावर बोट ठेवलं. "हा काय. हा उभाय."

बाबूंनी पेन ठेवलं आणि वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इसकी दो फोटोकॉपी करा लाओ. परछाईं साफ आनी चाहिए."