पोटबघे सरांच्या उरलेल्या फायली

गेल्या वर्षी, सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दुपारी, लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात भूकंपात गेलेली माणसं दुसऱ्यांदा गाडली गेली. किल्लारीच्या अंगाला असलेल्या एकाच गावची माणसं ती. आणि त्यांना इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आमच्या पोटबघे सरांनी.

हे नाव पोरांनी ठेवलेलं. सर क्लासचा कंप्युटर विभाग बघायचे. फाइल कोणतीही येवो, नावावर विश्वास नाही, आधी उघडणार. "नावाचं काय घेऊन बसलाव? पोटात काय हाय ते बघा." एका पोरानं 'भौतिकशास्त्र नोट्स' अशा नावाखाली गल्लीतल्या क्रिकेटचे स्कोअर भरून ठेवले होते. सरांनी ते सगळे वाचले आणि त्याला म्हणाले, "बाबा, तुझी सरासरी लई खराब हाय. त्यापरीस अभ्यासच कर."

मी शेजारच्या टेबलावर प्रश्नपत्रिका टाइप करायचे. सर स्वतःचं काही सांगत नसत. मला कळलं ते तुकड्यातुकड्यानं. भूकंप झाला तेव्हा सर लातूरला होस्टेलवर होते, म्हणून वाचले. घरचं कुणी उरलं नाही. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये एका मदत करणाऱ्या मंडळानं मराठी टाइप होणारा कंप्युटर दिला. सर त्याच्यापुढं बसले आणि उरलेल्या प्रत्येक घराला एकच विचारत गेले, "तुमचं कोण गेलं, अन् ते माणूस कसं होतं?" लोक बोलतील तसं टाइप केलं. एक बाई नवरा बैलांना हाक कशी मारायचा तेवढंच सांगून उठली. सरांनी तेवढंच ठेवलं.

ज्या घराचं बोलणं, त्या घराला त्याची फ्लॉपी दिली. कंप्युटर कुणाच्याच घरात नव्हता. लोकांनी ती देव्हाऱ्यात, पूर्वजांच्या टाकांशेजारी ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. सर हसले नाहीत. "बरोबर जागी ठेवली," म्हणाले.

मूळ फायली मात्र सरांबरोबर एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जात क्लासच्या मोठ्या कंप्युटरवर आल्या. तिथं नवं संकट. फायलीत मजकूर आहे की दुसरं काही, हे ओळखणारी सॉफ्टवेअरं सगळी फाइल वाचत नाहीत, वरचा थोडा भाग चाखतात. ओळखीची अक्षरं दिसली तर मजकूर, नाहीतर नाही. सरांचं मराठी युनिकोड यायच्या आधीच्या जुन्या पद्धतीचं. मशीनला ते नुसतं गिचमीड. म्हणून सर प्रत्येक फायलीच्या माथ्यावर इंग्रजीत एक परिच्छेद घालत होते : हे मराठी आहे, अमुक माणूस बोलतो आहे, पुसू नये. तेवढ्यानं मशीन 'मजकूर' म्हणून मान्य करायची.

मी म्हणाले, "सर, छोटा प्रोग्राम लिहा की. चहा येईपर्यंत सगळ्या होतील."

"मशीन न बघता फेकती, अन् मी न बघता ठेवू? मग तिच्यात अन् माझ्यात फरक काय राहिला?"

ते एकेक फाइल पूर्ण वाचायचे, मगच माथा घालायचे. कधी आठवडाभर एकही नाही. एखाद्या बोलण्यानंतर पुढची उघडवतच नसे. स्वतःच्या घराची, स्वतःच आठवून टाइप केलेली फाइल त्यांनी शेवटाला ठेवली होती. "आधी गाव, मग घर."

मग सरांच्या किडन्या गेल्या आणि त्यांना नांदेडला दवाखान्यात हलवलं. इकडं नव्या बॅचच्या व्हिडिओंना जागा हवी होती. फायली निवडणारं सॉफ्टवेअर आणलं, चालवलं, बिनमजकुराच्या म्हणून आलेल्या सगळ्या पुसल्या. मी मॅनेजरला विचारलं, "उघडून पाहिलं का एकदा तरी?"

"मॅडम, मशीन म्हणून राहिली आत मजकूर न्हाई. मी कोण उघडणार?"

या क्लासच्या भिंतीवर लिहिलंय, विचार करायला शिका.

सरांना मी खरं तेच सांगितलं. पलंगाशेजारी बसून मी म्हणाले, "माथा घातलेल्या राहिल्या. बाकीच्या गेल्या. तुमच्या घरची पण."

सर म्हणाले, "लोकायकडं फ्लॉप्या हायत. त्यायला माग."

"तुमच्या घरची कुणाकडं?"

"मी काढलीच न्हाई. ठेवायला घर कुठं होतं?"

दिवाळीच्या आत सर गेले.

म्हणून हे लिहिते आहे. त्या शेडमध्ये तुमच्या आईबापानं काही सांगितलं असेल, आणि तुमच्या देव्हाऱ्यात, ट्रंकेत, माळ्यावर हळदीनं माखलेली एखादी फ्लॉपी पडली असेल, तर ती बाहेर काढा. उघडत नाही, कुणाला वाचता येत नाही, बुरशी आली आहे, यातलं एकही कारण मला सांगू नका. तुम्हाला तुमचं माणूस मिळेल. आणि तुमचं घर सरांच्या घराशेजारी असेल, तर विरजण मागायला येणारी, भांडणारी, तुमच्या लेकराला न्हाऊ घालणारी त्यांची आई त्या बोलण्यात कुठंतरी असेल. आता ती फक्त तिथंच आहे. आणून द्या.