पक्षाघाताचा अर्थ सांगणारे गुरुजी

सुलतानपूरच्या शाळेतले आमचे गुरुजी नवा शब्द कानावर पडला की आधी त्याचं गाव विचारत. "तू कुठला बे?" असं त्या शब्दालाच म्हणत आणि खडू खाली ठेवत. मग गणिताचा तास तिथंच बुडे. त्यापायी आमचं गणित कच्चं राहिलं, ते आजतागायत कच्चंच आहे.

दुसरं वेड सोवळ्याचं. परक्या घरी ते पाणीसुद्धा घेत नसत. "मले तहान नाई," हे भर उन्हाळ्यातही ठरलेलं उत्तर.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी त्यांच्याच हाताखाली मास्तर झालो होतो, तेव्हा आईची उजवी बाजू गेली. लकवा झाला, आता संपलं, असं सगळे म्हणू लागले. पण डाव्या हाताने जेवायचं नाही, ही आईची जन्माची शिस्त. कुणी भरवायला गेलं तर तिला लाज वाटे. दोन घास घेऊन ती तोंड फिरवी. तीन आठवड्यांत तिचं चिपाड झालं. आई उपाशी मरणार, हे मला दिसत होतं.

गुरुजी आले आणि तिच्याजवळ बसून नेहमीसारखे सुरू झाले. "वहिनी, लकवा अरबीतून आला. तिथं तोंड वाकडं होण्याले म्हणतात. संस्कृतात पक्षाघात. पक्ष म्हणजे बाजू, आघात म्हणजे तडाखा. तडाखा एकाच बाजूले हाये. दुसरी शाबूत हाये, तिले काऊन बसवून ठेवता?"

"पाप लागते, गुरुजी," आई कशीबशी म्हणाली.

गुरुजींनी माझ्या बायकोला दोन ताटं वाढायला सांगितली. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. ते मांडी घालून बसले, उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्या हाताने भाकरी मोडू लागले. मोडेना. वरण धोतरावर सांडलं.

"अर्धं पाप माह्यावर," ते म्हणाले. "आता तुमी घ्या."

आईला हसू आलं, वाकडंच आलं. मग तिने डावा हात ताटाकडे नेला.

आठ दिवस गुरुजी मधल्या सुट्टीत येऊन तिच्यासमोर तसेच जेवले. गावात कुजबुज झाली. त्यांना घरी काय ऐकावं लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे त्यांची बदली वरवट बकालला झाली आणि तिथंच ते वारले. त्यांचे उपकार मी त्यांच्यासमोर कधी बोलून दाखवले नाहीत, ही रुखरुख राहिली.

आईची उजवी बाजू परत आली नाही. पण त्यानंतर अकरा वर्षं ती आपल्या हाताने जेवली.