मामंजींनी रान पेटवलं ती दुपार

मी करंजा गावची. वडिलांची होडी, दारात समुद्र. झाड म्हणाल तर परसातला एक शेवगा. लग्न होऊन नेऱ्याला आले आणि कळलं, डोंगराच्या उतारावर या घराचं स्वतःचं रान आहे. मला नवलच वाटलं. रान कुणाच्या मालकीचं असतं?

मामंजी, म्हणजे माझे सासरे, ते शेतासारखंच राखायचे. एका अंगाची झाडं तोडली की नवे धुमारे वाढावेत म्हणून त्या बाजूला कित्येक वर्षं गुरं सोडायची नाहीत, असा नियम. रानाच्या वरच्या कडेला सासूबाईंनी आंब्याची रोपं लावली होती. खालून डोक्यावर पाणी नेऊन जगवली होती. तिथून एक पायवाट जायची. पायवाटेच्या वर सरकारी जंगल.

नव्वदच्या आसपासचा उन्हाळा. पायथ्याशी नव्यानं झालेल्या फार्महाऊसच्या राखणदारानं पालापाचोळा पेटवला, वारा सुटला, आणि आग आमच्या रानात शिरली. सगळे धावलो. डोंगरातल्या वाडीतली माणसं आली, जंगलखात्याचा गार्ड आला. ओल्या फांद्यांनी झोडपून झोडपून हात सोलले, पण आग चढतच होती.

मामंजी पायवाटेवर गेले. खिशातून काडेपेटी काढली आणि खाली वाकून आमच्याच रानातलं वाळकं गवत पेटवलं.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. "मामंजी, काय करताय?" मी ओरडले.

"ही आग हळूहळू खाली उतरंल," ते म्हणाले. "खालची वर येईस्तोवर तिला जळाया काय उरणार नाय. नायतर वरचा सगळा डोंगर गेला, पोरी."

तेवढ्यात सासूबाई धापा टाकत पोचल्या. आंब्यांकडे सरकणारी आग त्यांनी पाहिली आणि मामंजींचं मनगटच धरलं. "माझी झाडं! सरकारचं वाचवाया माझी झाडं जालता?"

मामंजींनी हात सोडवून घेतला आणि पुढची काडी ओढली. नवराबायकोत असं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. मी कळशी हातात धरून नुसती उभी. पाणी ओतायचंही सुचलं नाही.

दोन्ही आगी उतारावर भिडल्या, एकदम उसळल्या आणि विझल्या. पायवाटेच्या वर एक पानही करपलं नाही.

दोन दिवसांनी मामंजींना जंगलखात्याच्या पनवेलच्या कचेरीत बोलावणं आलं. सोबत मी गेले. साहेबांनी विचारलं, "काडी तुम्हीच लावलीत?"

"हो साहेब, मीच."

"सरकारी जंगलाच्या कडेला आग लावणं हा गुन्हा आहे, माहीत आहे?"

ज्यानं स्वतःचं जाळलं, तोच गुन्हेगार? मागे उभा असलेला गार्ड पुढे आला. "साहेब, यांनी लावली नसती तर आज राखायला जंगलच उरलं नसतं." मग साहेबांनी दम देऊन सोडून दिलं.

पावसात साग आणि ऐनाच्या बुंध्यांना धुमारे फुटले. आंबे मात्र गेले. सासूबाई अबोला सोडून मामंजींशी बोलू लागल्या, पण रानात पुन्हा आल्या नाहीत. जळक्या बाजूला गुरं शिरू नयेत म्हणून मामंजींनी काट्यांचं कुंपण घातलं. काटे ओढून द्यायला मी होते.