टेकायला पाठ

मला मांडी घालता येत नाही. पवनारच्या पुलाजवळ भाजीच्या पोत्यांसकट मोटरसायकल घसरली, तेव्हापासून उजव्या गुडघ्यात लोखंडी पट्टी आहे. तो पाय अर्धाच वाकतो आणि कंबरेचं तर कधीच लाकूड झालंय. नालवाडीतल्या ध्यानवर्गाच्या गुरुजींना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. ते हसून म्हणाले, "होते भाऊ, हळूहळू."

हळूहळू मला परवडणारं नव्हतं. बायको घर सोडून गेली होती.

सांगायची लाज वाटते, पण सांगतो. सांबाराच्या जुड्या लहान बांधल्या म्हणून एका संध्याकाळी अंगणात मी तिच्यावर खेकसलो. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे कोथिंबीर म्हणणारा माणूस पाहुणा समजला जातो. ती उलटून काहीतरी बोलली आणि मी समोरचा वजनकाटा उचलून फेकला. तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर भिंतीचा पोपडा उडाला. यापूर्वी मी ताट फेकलं होतं, डबा फेकला होता, पण ते कुठेतरी लांब. ती ओरडली नाही. उरलेल्या जुड्या बांधल्या आणि सकाळच्या बसनं आर्वीला मुलीकडे गेली.

मुलीचा फोन आला, "बाबा, आई म्हणते, तुमचं डोकं शांत झाल्याबिगर मी येत नाई."

म्हणून ध्यान. रोज वीस मिनिटं हलल्याशिवाय बसता आलं की राग ताब्यात येतो, असं गुरुजी म्हणायचे, आणि बुडत्या माणसासारखं मी ते वाक्य धरून ठेवलं होतं. ढुंगणाखाली गोधडीच्या चार घड्या घेतल्या, तरी गुडघा कानाशीच. गुरुजींनी मागच्या ओळीत प्लास्टिकची खुर्ची दिली. तिच्यात पाय बधिर व्हायचे. आडवा झालो तर घोरलो, बाया हसल्या. घरी भिंतीला टेकून पाय पसरले, तर भिंत हाडांना टोचायची. चार मिनिटं झाली की मी घड्याळ बघायचो आणि स्वतःच्याच गुडघ्यावर बुक्क्या मारायचो. शांत व्हायला बसलेला माणूस स्वतःला मारतोय! मला माझी भीती वाटायला लागली. हा जन्म असाच जाणार, एकट्यानं जेवत आणि भांडी आपटत, असं वाटायचं.

महिना झाला असेल. एकदा संध्याकाळी अंगणात पोतं अंथरून, पाय लांब करून एकटाच मेथीच्या जुड्या बांधत होतो. हात चालत होते. चार-पाच जुड्या झाल्यावर मी सवयीनं मागे रेललो आणि धाडकन उताणा पडलो.

मागे ती नव्हती.

अपघातानंतर मला खाली बसवेना, तेव्हा तीच म्हणाली होती, "टेका माह्या पाठीले." तेव्हापासून रोज आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो, ती तिकडे तोंड करून सांबार बांधायची, मी इकडे मेथी. दोन-दोन तास. गुडघा दुखायचा नाही, डोक्यात काही चालायचं नाही. मला बसता येत होतं की! मेथीत पडल्या पडल्या मी लहान मुलासारखा रडलो. समोर भिंतीवर तो उडालेला पोपडा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी आर्वीला गेलो. ती मागच्या अंगणात चटईवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मुलगी दारातच थांबली.

"झालं का डोकं शांत?" बायकोनं वर न बघता विचारलं.

"नाई," मी म्हणालो. "मले बसताच येत नाई. लय करून पाह्यलं."

तिनं हातातली शेंग सोलून टाकली. मग टोपली घेऊन चटईवरच तिकडे तोंड करून बसली. मला वाटलं, संपलं.

"टेका," ती म्हणाली. "पन घरी येत नाई मी."

मी पाय लांब करून बसलो, मागे रेललो आणि डोळे मिटले. इतक्या दिवसांनी कंबर सुटली. मग मला खोकला आला आणि तिची पाठ दचकली. नुसत्या खोकल्यानं. नंतर लक्षात आलं, ती पाठ सुरुवातीपासूनच ताठ होती. पूर्वी ती माझ्यासोबत सैल व्हायची, श्वासासोबत खालीवर व्हायची. आता माझ्या मागे एक घाबरलेलं माणूस बसलं होतं आणि त्याला घाबरवणारा मी होतो. इतकी वर्षं ती भीती गिळून मला टेकू देत होती का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी माझा भार काढून घेतला. पाठ तिच्या पाठीला नुसती लागलेली ठेवली आणि स्वतःच्या कंबरेवर बसलो. कंबर फुटायला आली. गुडघ्यातून कळा निघत होत्या. तिच्या शेंगा टोपलीत पडत होत्या, आणि तिच्या शेंगा संपेपर्यंत मी हललो नाही.