देवीचा डावा डोळा

दादाचा हात म्हटलं की मला आधी पिशवी आठवते. जाड सुती कापडाची, मनगटाशी आवळलेली, गाठीवर लाखेची मोहोर. आतला हात दिसत नव्हता. त्याचा वास येत होता.

कसब्यात तांबटांच्या आळीपलीकडे देवीचं एक लहान देऊळ आहे. पूजा आमच्या घराकडे. वडील गेल्यावर ती दादाकडे आली आणि मी पाठशाळेत राहिलो. एकानं देवाला हात लावायचा, दुसऱ्यानं पोथीला, अशी आमची वाटणी. देवी म्हणजे एक उभा दगड. त्याला रोज तेलात कालवलेला शेंदूर चोपडायचा. चांदीचे दोन डोळे मेणानं बसवलेले. शेंदराचे इतके थर चढले होते की दगडाचं मूळ अंग कोणी पाहिलेलं नव्हतं.

एका वैशाखात सकाळी दार उघडलं, तर डावा डोळा जागेवर नव्हता. दादानं निर्माल्य उपसलं, कोनाडे झाडले, मोरीत कोपरापर्यंत हात घातला. मग नेहमीसारखा शेंदूर लावला, आरती केली आणि स्वतःच जाऊन देवळाच्या पंचांना सांगितलं. किल्ली त्याच्याकडेच असे, त्यामुळे पंचांना फार विचार करावा लागला नाही.

"चोर एकच डोळा कशाला नेईल?" दादानं विचारलं.

"लाज वाटली असेल," शास्त्रीबुवा म्हणाले. ते पंचांत होते आणि पाठशाळेत माझे गुरू होते. "एक देवीला, एक घरी. वाटणीची तुमच्यात रीतच आहे."

लोक हसले. दुपारी तेच लोक आमच्या दारात आले. त्यांनी दादाला शेंडीला धरून रस्त्यावर ओढलं, तुळशीच्या कठड्यावर त्याचं तोंड आपटलं, वहिनीची चूल लाथांनी फोडली. सकाळी यांच्यातल्या कित्येकांनी त्याच्याच हातून तीर्थ घेतलं होतं. दादा रक्त थुंकत उठला आणि म्हणाला, "मी दिव्य करतो. देवीसमोर रवा काढतो."

रवा म्हणजे धातूचा लहानसा तुकडा. तो उकळत्या तेलातुपात टाकायचा आणि आरोपीनं हातानं काढायचा. मग हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि तिसऱ्या दिवशी उघडायचा. भाजला असेल तर माणूस खोटा. हा सगळा विधी मला पाठ होता. घरी आल्यावर मी दादाला म्हणालो, "तेल कोणाला ओळखत नाही रे."

"मी तिला रोज न्हाऊ घालतो," तो म्हणाला. "ती मला भाजू देईल का?"

दिव्याच्या दिवशी शास्त्रीबुवांनी त्याचा हात रिठ्यानं धुवून घेतला, नखं कापून घेतली. जुन्या व्रणांवर अळत्याच्या खुणा केल्या, म्हणजे ते नव्या भाजण्यात धरले जाऊ नयेत. अंगठ्यावर निरांजनाचा जुना डाग होता, तोही त्यांनी वाकून बघून रंगवला. मग अग्नीला आवाहन केलं. मंत्र म्हणताना त्यांच्याकडून एक स्वरही चुकला नाही. दादानं देवीकडे पाहिलं आणि मनगटापर्यंत हात कढईत घालून रवा काढला. तो ओरडला नाही. आवाज झाला तो तेलाचा. अंगणभर सणाच्या स्वयंपाकाचा वास सुटला. तेव्हापासून तुपात काही तळलेलं माझ्या घशाखाली उतरत नाही.

त्याला देवळाच्या ओवरीत बसवून ठेवलं. पहाऱ्याला कोतवालीचा एक प्यादा होता. दुसऱ्या दिवशी पिशवी काळपट होऊन हाताला चिकटली. दादा सारखा एकच मागत होता: गार पाणी, हात बुडवायला. प्याद्यानं आपला तांब्या उचलला.

"मोहोर भिजेल," शास्त्रीबुवा म्हणाले.

प्याद्यानं तांब्या खाली ठेवला. दादा तांब्याकडे पाहत राहिला.

तिसऱ्या दिवशी पिशवी काढली तेव्हा कातडी तिच्याबरोबर निघाली. पंचांनी निकाल सांगितला आणि जमावानं त्याला नदीपर्यंत मारत नेलं. एकानं मुद्दाम त्या हातावर काठी घातली. तापात तो थोडेच दिवस टिकला. लोकांबद्दल एक शब्द बोलला नाही. एकदाच मला विचारलं, "तिनं का भाजू दिलं रे?" पोथीत याची उत्तरं होती. पूर्वजन्म, कर्म, परीक्षा. त्याच्या हाताकडे पाहून मला त्यांतलं एकही तोंडावाटे काढता आलं नाही.

तो गेल्यावर शास्त्रीबुवांचा निरोप आला. चोरीचं प्रायश्चित्त घ्या, तरच क्रियेला ब्राह्मण येतील. मला दादाची क्रिया व्हायला हवी होती. पण प्रायश्चित्त घ्यायचं म्हणजे तो चोर होता हे आपल्याच तोंडानं म्हणायचं.

"चोर नव्हते ते," वहिनी म्हणाली. "मग प्रायश्चित्त कोणाचं घ्यायचं?"

मी मुठेकाठी चिता पेटवली, मंत्राशिवाय. त्यानंतर आमच्या घरावर दगड पडू लागले. आळीतल्या बायका न्हाव्याला घेऊन वहिनीचं केशवपन करायला आल्या, तेव्हा ती विळी हातात घेऊन दारात उभी राहिली.

"आम्हांला विधी नाहीत ना? मग हाही नाही."

न्हावी सर्वांत आधी मागे फिरला. आम्ही नदीपलीकडे कोथरूडला एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी राहायला गेलो. मी पोथ्यांच्या नकला करून पोट भरू लागलो. ज्यांवरचा विश्वास उडाला होता, तेच ग्रंथ सुवाच्य अक्षरात उतरवत होतो.

बऱ्याच वर्षांनी एके दिवशी देवीची खोळ पडली. शेंदराचे थर फार जड झाले की कवच दगडापासून सुटून गळून पडतं, त्याला खोळ पडणं म्हणतात. पेठेत चौघडा वाजला. फुटलेल्या खोळीत, छातीच्या जागी, मेणासकट चांदीचा डोळा सापडला. त्या वैशाखात मेण मऊ होऊन तो मऊ शेंदरात खाली सरकला असणार. आणि त्या सकाळी, सगळीकडे शोधून झाल्यावर, दादानंच नकळत त्यावर शेंदूर लावला होता.

शास्त्रीबुवा स्वतः कोथरूडला आले. फार थकले होते. वहिनी चुलीपाशी शेतकऱ्याच्या घरच्या सणाचं तळण करत होती.

"म्हणजे दिव्य खोटं ठरलं," मी म्हणालो.

"दिव्य खोटं ठरत नसतं. त्यानंच तिथं दडवला, काढायला जमलं नाही. चोरीलाही उरक लागतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण देवीनं डोळा परत दिला, म्हणजे तिनं क्षमा केली. पंच तसं जाहीर करतील. श्राद्धाला मी स्वतः बसेन. तुम्ही पेठेत परत या."

मी कधी कोणावर हात उगारला नव्हता. त्या क्षणी मी त्यांचं उजवं मनगट पकडलं आणि त्यांना चुलीकडे ओढलं. ते घोंगडीवरून फरफटत आले. त्यांची बोटं कढईवर होती, वाफ लागत होती, आणि मला ती आत हवी होती.

"भाऊजी, सोडा," वहिनी म्हणाली. "त्यांचा हात भाजला तर काय ठरणार? तेल खरं बोलतं हे आपणही मानलं, एवढंच ना?"

मी सोडलं. वहिनीनं कढई खाली उतरवली.

"क्षमा नको," ती त्यांना म्हणाली. "त्यांनी काही केलंच नव्हतं." आणि गार पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. ते मनगट चोळत त्याकडे पाहत राहिले. प्यायले नाहीत, आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी देवळात जाऊन आलो. खोळ पडलेली देवी पहिल्यांदाच पाहिली. काळा, ओबडधोबड दगड होता. त्याला डोळे नव्हते, तोंड नव्हतं. तिच्या नावानं जे जे चोपडलं गेलं, त्यातलं काहीच तिच्या अंगावर नव्हतं. मी हात जोडले. दादा इथं रोज कोणाशी बोलत असेल, ते थोडंसं कळलं. संध्याकाळपर्यंत नव्या पुजाऱ्यानं पुन्हा शेंदूर लावला. मी परत गेलो नाही.

दादाच्या तिथीला आमच्याकडे पिंड नसतात. परातीत माठातलं गार पाणी घेतो आणि उजवा हात मनगटापर्यंत बुडवून बसतो. डोळे मिटले की तो काळा दगड दिसतो. मागायचं काही नसतं. माझं झालं की वहिनी बसते. मग ते पाणी आम्ही दारच्या जाईला घालतो.