सुकतीची वेळ

भाट्ये पुलापलीकडच्या वाडीत दीपालीचं घर. नवरा रूपेश मुंबईला टेम्पो चालवतो, गणपतीला येतो, शिमग्याला येतो आणि आल्या दिवसापासून परतीच्या तिकिटाची चौकशी करतो. मागे उरतात सासू सोनूबाई, पाचवीतला सर्वेश, दुसरीतली भाविका आणि कोळंबी सोलण्याच्या कंपनीतली नोकरी. एवढ्यांची दीपाली एकच. सकाळपासून तिला इतक्या हाका पडतात, की कधी एखादं मिनिट कुणी हाक मारली नाही तर ती दचकून बघते, पोरं पडली की काय कुठं!

तिला फार काही नको होतं. रोज थोडा वेळ एकटीनं बसायचं होतं, बस्स. पण बाईमाणसाला हेच मागणं सगळ्यात महाग पडतं. मोबाईलवर एक बाई सांगायची, पहाटे लवकर उठा, कोमट पाणी प्या, स्वतःसाठी वेळ द्या. दीपाली त्या बाईच्या आधीच उठत असे. एकदा चूल पेटवण्याआधी ओटीवर जाऊन बसली, तर रोजच्यासारखं भांडं कसं वाजलं नाही या काळजीनं सासू बाहेर आली, आणि आलीच आहे तर म्हणून चहा मागितला. मग रात्री पोरं झोपल्यावर बसून पाहिलं. बसल्याजागी तिचाच डोळा लागला.

घड्याळाशी आपलं जमत नाही, हे तिला कळून चुकलं. मग तिला सुकती आठवली. ओहोटीला खाडीचं पाणी उतरलं, वाळू-चिखल उघडा पडला, की बायका खुरपं नि पाटी घेऊन तिसऱ्या काढायला जातात. त्या शिंपल्यांचं सार कुणाला नको असतं? ‘जरा फिरून येते’ म्हणालं तर दहा प्रश्न. ‘तिसऱ्यांना जाते’ म्हणालं तर एकही नाही.

तेव्हापासून तिचा नेम सुकतीवर चालू लागला. सुकती रोज थोडी पुढे सरकते, तसा नेमही सरकायचा. पुनवेच्या नि अवसेच्या आसपास ती संध्याकाळी कंपनीतून आली, की पाणी उतरलेलं असायचं. अष्टमीला भर दुपारी सुकती, तेव्हा रविवार आला तरच. घाईघाईनं चार मुठी तिसऱ्या उपसायच्या आणि खाडीच्या मुखाशी जाऊन खडकावर टेकायचं. तोंड उत्तरेकडे. त्या बाजूला तिचं माहेर, वेळणेश्वर. दिसत काही नाही, किल्ल्याचा डोंगरच आडवा येतो. आई गेल्यापासून तिकडे जाणंही होत नव्हतं. पण तिकडे बघत बसलं की तिला कुणाची तरी लेक असल्यासारखं वाटायचं. एरवी ती आई होती, सून होती, बायको होती. लेक कुठेच नव्हती.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण दीपालीला रिकामटेकडी म्हणवून घ्यायची भारी भीती. बसलो त्याची भरपाई म्हणून ती पाटीत जरा जास्तच तिसऱ्या आणू लागली. सार झालं, सुकं झालं, उरलेल्या शेजारच्या येसूबाईकडे गेल्या. येसूबाईनं चव घेतली आणि मागणी सुरू केली. तिच्याकडच्या तिसऱ्या पाहून बाजारात मासळी विकायला बसणारी मैना आली नि म्हणाली, मला दे, मी खपवते. सासूनं होकारही देऊन टाकला. फोनवर रूपेश खूश, घरबसल्या बायकोनं धंदा काढला म्हणून. झालं! करायला गेली विश्रांती आणि कपाळी आली दुसरी नोकरी. आता खाडीत उतरली की पाठ वर करायला सवड नव्हती. पाणी चढू लागलं की ती खडकाकडे नुसती नजर टाकून घरी यायची. स्वतःच्या हातानं आपण आपली बसायची जागा उकरून टाकली, याचं तिला रडू यायचं आणि ते सांगायचं तरी कुणाला?

मग एका पुनवेला तिनं पाटी खडकाशेजारी पालथी घातली नि बसली. अंधारून येईपर्यंत बसली. मग रिकामी पाटी घेऊन घराकडे वळली.

सोनूबाई ओटीवरच होती. दीपाली म्हणाली, “आज तिसऱ्या गावल्याच नाय, आई.”

सासूचा जन्म खाडीकाठी गेलेला. तिनं पाटीकडे पाहिलं, मग सुनेच्या कोरड्या नखांकडे.

“पुनवेची सुकती नि तिसऱ्या नाय?” ती म्हणाली. “बसलीवतीस ना?”

दीपालीनं मान खाली घातली. आता मैनेचा बोल, रूपेशचा फोन, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. पण सोनूबाई आवाज न चढवता बोलत राहिली. “मी पन जायचे. तुझे सासरे बोटीवर असायचे, घरात पोरांचा कालवा. मुखाच्या त्या खडकावर बसावं असं लय वाटायचं. माझं आंजर्लं पन तुझ्या वेळणेश्वराच्याच अंगाला. पन रिकामी पाटी घेऊन घरात शिरायचा धीर नाय झाला कधी. रोज भरून आनली नि रोज मागारी फिरले.”

इतक्या वर्षांत सासूनं माहेराचं नाव काढलेलं दीपालीनं ऐकलं नव्हतं. सासूलाही कधी कुणाची लेक व्हावंसं वाटलं असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. ती म्हणाली, उद्या माझ्याबरोबर चला, मी हात धरून नेते, तुमच्या दुखऱ्या गुडघ्याचं बघू आपण.

सोनूबाईच्या चेहऱ्यावर क्षणभर होकार उमटला. खाडीच्या दिशेनं तिनं मानही वळवली. मग नाही म्हणाली.

“मी आले तर तू माझाच हात धरून बसशील. मग तुझं बसनं कुठं ऱ्हायलं?”

आणि पोरांना जेवायला हाक मारत ती भिंतीला धरून उठली, मैनेला काय सांगायचं ते मी बघते म्हणत आत गेली.